घरच्या कार्यशाळेत धातूची फुले घडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांबे, पितळ, ॲल्युमिनियम किंवा लोखंडी पत्र्यातून हाताने फुले घडवू इच्छिणारे लोक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. घराच्या मागील पडवीत, गच्चीवरील खोलीत किंवा रिकाम्या गॅरेजमध्ये काम करणारा, वीजयंत्रे फारशी नसलेला माणूस गृहीत धरला आहे. साहित्याचे आणि हवामानाचे संदर्भ कोल्हापूरचे आहेत.

सुरुवात कोणत्या धातूने करावी?

तांब्याने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तांबे महाग आहे हे खरे, परंतु ते चुका सहन करते. हातोडीखाली ते कडक झाले तरी पुन्हा तापवून मऊ करता येते, डाख, म्हणजे दोन भाग जोडण्यासाठी वितळवला जाणारा मिश्रधातू, चांगली धरते आणि पावसात ठेवले तरी लोखंडासारखे खाऊन जात नाही. पितळ तांब्यापेक्षा ताठ असते आणि त्याला ताव देताना, म्हणजे तापवून मऊ करताना, अधिक लक्ष ठेवावे लागते. ॲल्युमिनियम स्वस्त व हलके आहे, पण घरगुती साधनांनी त्याला डाख लावणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे त्याचे भाग रिव्हेटने किंवा स्क्रूने जोडावे लागतात. काळा लोखंडी पत्रा मोठ्या, दारावर किंवा कुंपणावर लावायच्या फुलांसाठी उत्तम आहे, मात्र तो वाकवायला जोर लागतो आणि रंग दिल्याशिवाय त्याला बाहेर ठेवता येत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे छपराचा जीआय पत्रा, नवशिक्याने हाती घेऊ नये. त्याचे कारण पुढे धुराच्या प्रश्नात दिले आहे.

अगदी पहिला हात बसवण्यासाठी शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे डबे वापरता येतात. त्यांचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो आणि साध्या कात्रीने कापला जातो. मात्र डब्याच्या आतील बाजूस प्लास्टिकचा थर असतो, म्हणून हा पत्रा कधीही तापवू नये.

पत्रा किती जाडीचा घ्यावा?

दुकानात जाडी ‘गेज’मध्ये सांगितली जाते आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे प्रथम लक्षात ठेवावे. मोगऱ्यासारख्या लहान फुलांना ३० गेज, म्हणजे सुमारे ०.३१ मिलिमीटर पुरेसा आहे. जास्वंद, गुलाब आणि देवचाफ्याच्या आकाराच्या फुलांना २८ किंवा २६ गेज घ्यावा, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.३८ आणि ०.४६ मिलिमीटर. तळहाताएवढ्या पाकळ्यांच्या कमळाला २४ गेज लागतो. त्यापेक्षा जाड पत्रा हाताच्या कात्रीने कापताना मनगट दुखते आणि कड वेडीवाकडी येते.

तांब्याची घनता घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम असल्याने २८ गेजचा एक चौरस फूट पत्रा साधारण ३१० ग्रॅम भरतो. जास्वंदीच्या एका फुलाला, सहा सेंटिमीटर लांब व पाच सेंटिमीटर रुंद अशा पाच पाकळ्या धरल्या, तर दीडशे चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो. कापताना वाया जाणारा भाग वजा करता एका चौरस फुटात चार फुले होतात. खरेदीला जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा, कारण तांबे-पितळ वजनावर विकले जाते. कापल्यानंतर उरलेले तुकडे जपून ठेवावेत. त्यांतून कळ्या, निदल (फुलाखालची हिरवी पाने) आणि पराग होतात, आणि शेवटी जे उरते तेही भंगारात भाव मिळवते.

कोल्हापुरात साहित्य व हत्यारे कोठे मिळतात?

शिवाजी उद्यमनगर हा पहिला थांबा. यंत्रकाम, ओतकाम आणि सुट्या भागांच्या व्यवसायामुळे तेथे कानशी, ड्रिलचे पाते, रिव्हेट, पत्र्याची कात्री अशा वस्तू सहज मिळतात, आणि एखादा पंच कडक करून हवा असल्यास तेही काम करून घेता येते. बारीक कामाची हत्यारे, म्हणजे नाजूक पकडी, छोट्या ऐरणी, टाकणखार (डाख नीट धरावी म्हणून लावायचा बोरॅक्स) आणि चांदीची डाख, गुजरीतील सराफी बाजाराच्या आसपास विचारावीत. पाव किलो पत्रा हवा असेल तर मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराकडे विचारणा करणे बरे, कारण त्याच्याकडे कापून उरलेले तुकडे असतात.

आणखी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे किंवा गुजरीत एखाद्या कारागिराने परवानगी दिली, तर अर्धा तास शांतपणे त्याच्या हाताकडे पाहत बसावे. आच कोठे धरतो, डाखेचा तुकडा किती लहान घेतो, हातोडी किती उंचावरून पडू देतो, हे शब्दांत सांगून पुरेसे कळत नाही.

किमान कोणती हत्यारे लागतात?

सरळ आणि वळणदार पात्याची पत्र्याची कात्री, बॉल पीन हातोडी (एका बाजूला गोल तोंडाची), लाकडी हातोडा, गोल व चपट्या तोंडाच्या पकडी, अर्धगोल कानस, हाताचे ड्रिल आणि गॅसचा लहान टॉर्च एवढ्यावर सुरुवात होते. ऐरण नसेल तर रेल्वेरुळाचा किंवा जाड लोखंडी पट्टीचा गुळगुळीत तुकडा चालतो. त्याचा पृष्ठभाग खरोखर गुळगुळीत हवा, कारण ऐरणीवरील प्रत्येक ओरखडा पाकळीवर उमटतो. हातोडीच्या तोंडालाही हेच लागू आहे. खिळे ठोकायची हातोडी आणि फुलांची हातोडी वेगळ्या ठेवाव्यात, आणि फुलांच्या हातोडीचे तोंड बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखे करावे.

याशिवाय बाभळीचा किंवा अन्य कठीण लाकडाचा ओंडका उभा ठेवून त्याच्या माथ्यावर दोन-तीन निरनिराळ्या खोलीच्या वाट्या कोरून घ्याव्यात. जाड कापडाच्या पिशवीत बारीक वाळू घट्ट भरून केलेली उशीही हवी. पाकळीला खोलगटपणा देण्याचे बहुतेक काम या दोन वस्तूंवर होते.

नमुना कसा काढावा? चित्रकला यायलाच हवी का?

चित्रकलेपेक्षा फूल उलगडून पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते. कागदावर आठवणीतून काढलेली पाकळी बहुतेक वेळा बदामाच्या आकाराची आणि दोन्ही बाजूंनी सारखी येते. खरी पाकळी क्वचितच तशी असते. म्हणून एक ताजे फूल घ्यावे, त्याच्या पाकळ्या क्रमाने सोडवाव्यात, कागदावर सपाट ठेवून कडेने पेन्सिल फिरवावी आणि पाकळी कोणत्या बाजूने कोणाखाली गेली होती हे शेजारी लिहावे. सपाट होताना जी पाकळी कडेला फाटते किंवा चुणते, ती मुळात किती खोलगट होती याचाही अंदाज तेथेच येतो.

देवचाफा हा पहिल्या फुलासाठी सर्वांत योग्य आहे. त्याला पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते, त्यामुळे फूल भोवऱ्यासारखे एका दिशेला फिरलेले दिसते. पाच एकसारख्या पाकळ्या कापून त्या याच रीतीने गुंफल्या की फूल ओळखू येते. जास्वंदीतही पाच पाकळ्यांची अशीच गुंफण असते, पण तिचे सौंदर्य मधल्या लांब दांड्यात आहे. पुंकेसर एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते आणि तिच्या टोकातून पाच गोल तोंडे बाहेर येतात. ही नळी तांब्याच्या पातळ पट्टीची करावी आणि पराग म्हणून बारीक तारेची टोके आचेवर धरून वितळलेले थेंब तयार करावेत. एवढा तपशील असला की साध्या पाकळ्याही जास्वंदीच्या वाटतात.

कमळ सोपे दिसते, परंतु सोपे नाही. त्याच्या पाकळ्या होडीसारख्या खोलगट असतात, बाहेरून आत येताना त्यांचा आकार बदलतो, आणि सर्व पाकळ्या एकाच मापाच्या केल्या तर फूल कागदी सजावटीसारखे दिसते. किमान तीन मापांचे नमुने करावेत. गुलाबासाठी आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक नवी पाकळी आधीच्या पाकळीपासून सुमारे १३७ अंश फिरवून बसवावी, कारण अनेक वनस्पतींत पाने व पाकळ्या याच कोनाच्या आसपास येतात, आणि त्यामुळे एकीखाली दुसरी नेमकी झाकली जात नाही.

पाकळीला जिवंत बाक कसा येतो? वारंवार ‘ताव’ का द्यावा लागतो?

या कामाचे मर्म या प्रश्नात आहे.

बरेच जण पाकळीची कड पकडीने धरून एकदा पुढे, एकदा मागे वाकवतात. त्यातून लाट तयार होते, परंतु ती दुमडलेल्या पत्र्याची दिसते, पाकळीची दिसत नाही. खऱ्या पाकळीची कड लहरते ती वाढीमुळे. कडेचा भाग मधल्या भागापेक्षा अधिक वाढतो, तेवढी लांबी सपाट जागेत मावत नाही आणि म्हणून तो वर-खाली होतो. धातूतही नेमके हेच करता येते. पाकळी ऐरणीवर सपाट ठेवून फक्त कडेच्या चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्यावर हातोडीचे हलके, एकमेकांना लागून ठोके द्यावेत. पत्रा तेथे पातळ होतो, लांब होतो, आणि काही वेळाने आपोआप लहरू लागतो. कोठे लहरेल हे पूर्ण आपल्या हातात राहत नाही, आणि म्हणूनच पाचही पाकळ्या वेगवेगळ्या होतात. शिवाय कड पातळ झाल्यामुळे ती डोळ्याला नाजूक दिसते, तर मधला भाग जाड राहून ताकद टिकवतो. पकडीचा उपयोग यानंतर, एखादी लहर थोडी इकडेतिकडे करण्यापुरताच करावा.

ठोके बसतात तसा धातू कडक होत जातो. त्याच्या आतील स्फटिकांची रचना विस्कटते आणि ती पुढील बदलाला विरोध करू लागते. कारागिराला हे आवाजावरून कळते, कारण सुरुवातीचा मऊ, दबका आवाज बदलून टणटणीत होतो. तरीही ठोकत राहिल्यास कडेला बारीक चिरा पडतात आणि त्या भरून येत नाहीत. म्हणून आवाज बदलला की थांबून ताव द्यावा. तांब्यासाठी खोलीत अंधुक उजेड ठेवावा, टॉर्चची आच संपूर्ण पाकळीवर फिरवत राहावी आणि मंद लाल छटा दिसताच आच काढावी. तांबे नंतर पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. पोलादाचे जे होते ते येथे होत नाही, म्हणून लोहारकाम पाहिलेल्यांनी गोंधळून जाऊ नये.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आणि धोक्याची आहे. ते ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. त्यावर कपड्यांच्या साबणाची वडी कोरडीच घासावी आणि साबणाची खूण तपकिरी-काळी होऊ लागताच आच बाजूला घ्यावी.

क्रम असा ठेवावा: कापणे, कडा कानशीने गुळगुळीत करणे, पहिला ताव, मागील बाजूने बोथट छिन्नीने शिरा उठवणे, पुन्हा ताव, ओंडक्यावरील वाटीत किंवा वाळूच्या उशीवर खोलगट करणे, आणि शेवटी कड ताणणे. शिरा उठवताना पाकळीखाली मऊ आधार लागतो. उठावाचे काम करणारे कारागीर राळ, विटेची पूड आणि थोडे तेल यांचे मिश्रण वापरतात. घरी जाड रबराचा तुकडाही चालतो. शिरा देठापाशी खोल आणि कडेकडे जाताना उथळ होत विरून जाव्यात. टोकापर्यंत सारख्या खोलीच्या रेघा ओढल्या की पाकळीचे पान होते.

पितळेची फुले काही महिन्यांनी आपोआप तडकतात, हे खरे आहे का?

होय, तसे घडू शकते. ठोकून कडक झालेल्या पितळेत ताण साठलेला असतो, आणि दमट हवेत अमोनियाचा संपर्क आला की त्या ताणाच्या रेषेवर चिरा पडतात. ब्रिटिश राजवटीत भारतातील लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात अशा चिरा पडत असत. ती काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात आणि जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्यास कारणीभूत होता. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ज्यांच्या कार्यशाळेला लागून गोठा आहे, त्यांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

उपाय सोपा आहे. काम पूर्ण झाल्यावर, डाख लावण्यापूर्वी, पितळी पाकळ्या सुमारे २५० ते ३०० अंशांवर काही वेळ तापवून हवेतच निवू द्याव्यात. त्यामुळे ताण जातो आणि पाकळी फार मऊही पडत नाही. पितळेवर हिरवी छटा आणण्यासाठी अमोनिया मात्र वापरू नये. शिवाय पितळी पत्रा आणि पितळी गज यांत फरक आहे. यंत्रावर कापण्यासाठी केलेल्या गजात शिसे मिसळलेले असते आणि तो थंड असताना वाकवल्यास तुटतो, म्हणून देठासाठी गज न घेता तार घ्यावी.

पाकळ्या एकमेकींना कशा जोडाव्यात?

तीन मार्ग आहेत. पहिला रिव्हेटचा किंवा लहान स्क्रूचा आहे. पाकळ्यांच्या मुळाशी भोक पाडून त्या एकावर एक रचायच्या आणि मधून एकच खिळा घ्यायचा. यात आच लागत नाही, म्हणून नवशिक्यांसाठी तो चांगला, आणि तांब्याच्या जाड तारेचा तुकडा दोन्ही बाजूंनी ठोकून रिव्हेट घरीच करता येतो. दुसरा मार्ग तारेने बांधण्याचा, जो शेवंतीसारख्या अनेक अरुंद पाकळ्यांच्या फुलाला शोभतो.

तिसरा मार्ग झाळण्याचा आहे. कथील-शिशाची नेहमीची डाख १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, तर कथील आणि थोडे तांबे असलेली बिनशिशाची डाख सुमारे २२७ अंशांना वितळते. देव्हाऱ्यात, ताटाशेजारी किंवा मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंसाठी बिनशिशाचीच वापरावी. जोडाच्या जागा आधी घासून चकचकीत कराव्यात, कारण मळावर डाख धरत नाही. आच डाखेला न देता धातूला द्यावी आणि दोन भागांपैकी जाड भाग आधी तापवावा. डाख उष्णतेच्या दिशेने धावते, म्हणून ती आपोआप जोडात ओढली जाते. थेंबाचा गोळा होऊन बसला असेल तर धातू पुरेसा तापलेला नाही असे समजावे. अधिक मजबुतीसाठी चांदीची डाख आणि टाकणखार वापरतात, पण त्याला लाल होईपर्यंत आच लागते आणि ठोकून आणलेला कडकपणा त्यात निघून जातो.

धूर, आम्ल आणि आच यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

जीआय पत्रा तापवल्यास त्यावरील जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते आणि मळमळते. पितळेतही जस्त असते आणि जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणून पितळ वितळेपर्यंत कधीही तापवू नये. काम मोकळ्या हवेत किंवा दोन्ही बाजूंनी वारा असलेल्या जागी करावे. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद करून आच पेटवण्याचा मोह होतो, त्या दिवशी फक्त कापण्याचे आणि ठोकण्याचे काम करावे.

ताव दिल्यानंतरचा काळा थर काढण्यासाठी तीव्र आम्लांची गरज नाही. कोमट पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातील लिंबूफूल, घालून त्यात पाकळ्या ठेवाव्यात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्यात. या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नये, कारण लोखंडाच्या संपर्कामुळे द्रावणातील तांबे पाकळ्यांवर डागांसारखे बसते. कोणी गंधकाम्ल वापरत असेलच, तर आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

चष्मा, बंद बूट आणि सुती कपडे हवेतच. ओढणी, पदर आणि मोकळे केस आवरून बसावे. पाण्याची बादली हाताच्या अंतरावर ठेवावी. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडइतकी धारदार असते, म्हणून कापल्याबरोबर, पुढच्या कामाची घाई न करता, ती कानशीने मोडावी.

शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये यासाठी काय करावे?

ओंडका व वाळूच्या उशीवर काम केल्यास आवाज निम्म्याहून कमी वाटतो. ऐरणीखाली जाड रबर ठेवावे. ऐरणीवरचे कामच तेवढे टणटणते, ते दुपारी जेवणानंतरची आणि रात्रीची वेळ टाळून करावे, आणि स्वतःच्या कानांतही बोळे घालावेत.

फुलांना रंग कसा आणावा?

तांब्याचा स्वतःचा रंग इतका सुंदर आहे की त्यावर ऑइल पेंट चढवणे मला तरी पटत नाही. हलकी आच देत गेल्यास तांब्यावर नारिंगी, गुलाबी आणि जांभळट छटा येतात. पोलादाच्या पत्र्यावर सुमारे २२० ते २३० अंशांना गवतासारखा पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग येतो. या छटा प्रकाशाच्या खेळामुळे दिसतात. धातूवर बसलेला ऑक्साइडचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याच्या जाडीनुसार रंग बदलतो. म्हणूनच बोटांच्या घामाने त्या जातात आणि त्यावर पारदर्शक लॅकर लगेच द्यावा लागतो.

हिरवट-निळी छटा फक्त तांब्यावर आणावी. झाकणाच्या डब्यात तळाशी थोडा अमोनिया ठेवावा, मिठाचे पाणी शिंपडलेले फूल त्याला न टेकता वर टांगावे आणि डबा घराबाहेर ठेवावा. छटा दिसू लागली की फूल काढून पूर्ण वाळू द्यावे आणि मेणाने झाकावे. जुन्या ब्राँझची कांती प्रत्यक्ष पाहायची असेल, तर टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जावे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी ब्राँझ मूर्ती तेथे आहे. शतकानुशतके मातीत राहिलेल्या धातूचा पृष्ठभाग कसा दिसतो हे समजून घेण्यासाठी कोल्हापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही.

ही फुले कोल्हापूरच्या पावसात बाहेर टिकतील का?

तांबे टिकते, फक्त रंग बदलते. लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर एनॅमलचे दोन हात द्यावेत, आणि पाकळीच्या वाटीत पाणी साचू नये म्हणून तळाशी बारीक भोक ठेवावे. मात्र खरा शत्रू दोन धातूंचा संयोग हा आहे. ॲल्युमिनियमच्या फुलाला पितळी स्क्रू किंवा तांब्याच्या फुलाला लोखंडी देठ लावला आणि त्यावर पाणी राहिले, तर तेथे विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम किंवा लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. देठ आणि फूल शक्यतो एकाच धातूचे ठेवावे. ते शक्य नसेल तर मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घालावा.

साचा किंवा लेझरने कापलेल्या पाकळ्या वापरल्या, तर ते हस्तकाम म्हणावे का?

कापणे हा कामाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मोठी मागणी असेल तर पाकळ्या लेझरवर कापून घेण्यात मला वावगे वाटत नाही, परंतु ग्राहकाला तसे सांगावे. दाबयंत्रात एकाच साच्यातून काढलेल्या खोलगट पाकळ्या मात्र हाताने घडवल्या म्हणून विकू नयेत. त्यांची कड सर्वत्र सारख्या जाडीची असते आणि जाणकार बोट फिरवून तो फरक ओळखतो.

किंमत कशी ठरवावी?

सराफ ज्याप्रमाणे धातूचे मोल आणि घडणावळ वेगळी धरतो, त्याप्रमाणे हिशेब मांडावा. तयार फूल तोलू नये, कापण्यापूर्वीचा पत्रा तोलावा, त्यात गॅस, डाख, लॅकर मिळवावे आणि मग स्वतःच्या तासांची मजुरी धरावी. घरातील लोकांनी केलेले घासण्याचे आणि पॉलिशचे काम मजुरीत धरले जात नाही, असे नेहमी दिसते. ते धरलेच पाहिजे. व्यवसाय म्हणून करायचे असल्यास लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आणि सोनार यांचा समावेश आहे, त्यामुळे लोखंडाची फुले घडवणाऱ्या पारंपरिक लोहारांनी तेथे चौकशी करावी.

फुलांची निगा कशी राखावी?

लॅकर दिलेल्या फुलाला चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर लावू नये. मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि फार तर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. लॅकर एखाद्या ठिकाणी निघून डाग पडला, तर तेवढाच भाग घासण्याऐवजी संपूर्ण लॅकर थिनरने काढून फूल नव्याने उजळावे आणि पुन्हा लॅकर द्यावा. मेण दिलेल्या फुलाला वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या साफसफाईत, किंचित कोमट करून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्यावा आणि सुती कापडाने चोळावे.